मचियाला पाठ नसते

बातमी मोबाइलवर आली. सकाळी दुकानाचं शटर वर करत होतो तेव्हा. आमच्या संस्थेच्या एका शाखेच्या सेक्रेटरींनी चित्र पाठवलं होतं: काळी चौकट, मधे शकुंतलादीदींचा फोटो, खाली हिंदीत श्रद्धांजलीच्या दोन ओळी आणि उजव्या कोपऱ्यात संस्थेचं चिन्ह. फोटो पाहिला, नाव वाचलं, पण ते डोक्यात शिरायच्या आधीच नजर कोपऱ्यात गेली. चिन्ह आडवं ताणलेलं होतं. गोलाचं अंडं झालं होतं. मी तिथल्या तिथे सेक्रेटरींना फोन लावला आणि चिन्ह सुधारून चित्र पुन्हा पाठवा म्हटलं. ते गडबडले. आजच्या दिवशी तरी राहू द्या, म्हणाले. मी म्हटलं, आजच्या दिवशी तर अजिबात नाही. दहा मिनिटांनी सुधारलेलं चित्र आलं, गोल गोल झाला, आणि मग मी दुकानाच्या पायरीवर बसलो... शेजारचा चहावाला काही न विचारता पाण्याचा ग्लास ठेवून गेला.

याला आता पाच आठवडे झाले. मधल्या काळात पुष्कळांनी मला सांगितलं की शकुंतला गजभिये फार मायाळू होत्या. होत्या. पण नुसत्या मायाळू माणसाची आठवण लिहायला मी बसलो नसतो. एवढ्याशा चिन्हापायी या बाईने केवढं वैर घेतलं, असं त्यांच्या हयातीत जे म्हणत होते तेच आज त्यांना मायाळू म्हणून राहिलेत. त्यांच्यासाठीच हे लिहितो आहे.

आमच्या संस्थेचं नाव मी इथे देत नाही. कागदावर ते चांगलं लांबलचक आहे, आणि ज्यांच्यासाठी संस्था आहे त्यांच्यातल्या बहुतेकांना ते वाचता येत नाही. मंडला, डिंडोरी, शहपुरा, अशा सगळ्या बाजूंनी माणसं जबलपूरच्या मोठ्या सरकारी इस्पितळात येतात. कोणाबरोबर बायको असते, कोणाबरोबर म्हातारी आई, आणि कित्येकदा बरोबर कोणीच नसतं. आम्ही त्यांच्या खाटेशेजारी बसतो. औषध आणून देतो, डॉक्टर काय म्हणाले ते समजावून सांगतो, आणि काही करण्यासारखं नसेल तेव्हा नुसते बसतो. सहा-सात जणांनी हे काम सुरू केलं तेव्हा इस्पितळवाल्यांनी एकच अट घातली, की छातीवर बिल्ला पाहिजे. बिल्ल्यावर काय काढायचं यावर चहाच्या टपरीवर चर्चा चालली होती. कोणी दिवा म्हणालं, कोणी जोडलेले हात. दुसऱ्या दिवशी दीदींनी ट्रेसिंग पेपरचा एक तुकडा आणला. त्यावर एक गोल, गोलात नुसत्या रेषांची एक खाट, आणि खाटेच्या उशाशी एक भरीव निळी मचिया. मचिया म्हणजे सुंभाने विणलेली बुटकी बैठक. तिकडच्या प्रत्येक घरात असते. वर्षभरात गावाकडच्या लोकांनी आमचं नावच पाडून टाकलं, 'मचियावाले'. संस्थेचं खरं नाव त्यानंतर फक्त पावतीपुस्तकावर उरलं.

दीदी ट्रेसर होत्या. त्यांचे वडील भंडाऱ्याकडून इथल्या कारखान्यात मजुरीला आले आणि घमापुरात राहिले. दीदींनी आयटीआयमधून नकाशा उतरवण्याचं शिक्षण घेतलं आणि त्याच कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात लागल्या. इंजिनियर पेन्सिलीने आखायचा, दीदी त्यावर पारदर्शक कागद ठेवून शाईने उतरवायच्या, आणि त्या उतरवलेल्या कागदावरून पुढे लोखंड कापलं जायचं. केसाएवढी रेघ सरकली तर सुटा भाग बसायचा नाही. त्या सांगायच्या, की ट्रेसरचं पूर्ण नाव नकाशावर कधी येत नसे. खालच्या चौकटीत दोन अक्षरं, बस. पण पंचवीस कारागिरांना पंचवीस प्रती द्यायच्या तर पंचविसावी प्रत पहिलीसारखीच पाहिजे, हे त्यांच्या हाडात मुरलं होतं. पुढे ऑफिसात कॉम्प्युटर आले, ट्रेसिंगचं काम संपलं, बरोबरच्या बायकांनी बदल्या मागितल्या. दीदी पन्नाशीला आल्या होत्या. त्या कॉम्प्युटर शिकल्या. यजमान फार लवकर गेले होते, मूलबाळ नव्हतं. बहिणीची मुलगी प्रज्ञा त्यांनी वाढवली, आणि कॉम्प्युटर शिकल्या त्या तिच्याच जुन्या पुस्तकांवरून.

मी जबलपुरातल्याच गोरखपूर भागातला. बाजारात माझं छपाईचं दुकान आहे, लग्नपत्रिका, बिल्ले, फ्लेक्स, आणि नंतर वेबसाइटी. माझे आजोबाही भंडाऱ्याकडूनच आलेले. जबलपुरातल्या मराठी माणसांची गंमत अशी, की दीदींचे वडील आणि माझे आजोबा कदाचित एकाच गाडीच्या एकाच डब्यातून उतरले असतील, पण पुढे आम्ही गणपतीच्या मांडवात आणि ते बुद्धविहारात. चाळीस वर्षं एका शहरात राहून एकमेकांच्या घरचा चहा घेतला नव्हता. संस्थेने ती गाठ घालून दिली. त्या मला 'भैया' म्हणायच्या, मी त्यांना 'दीदी'. त्या माझ्याहून सोळा वर्षांनी मोठ्या होत्या.

छत्तीसगड वेगळं झालं तरी तिकडचे रुग्ण इकडे येतच राहिले, संस्थेच्या शाखा वाढत गेल्या, अकरा झाल्या. मग प्रत्येक शाखेला आपली वेबसाइट हवी झाली. त्यातल्या नऊ मी बनवल्या. आणि इथे मला माझं सांगितलं पाहिजे. मी दुकानदार माणूस. समोरचा म्हणेल ते करून द्यायचं, हीच सवय. एका शाखेने चिन्ह गुलाबी मागितलं, मी गुलाबी दिलं. एकाने मचियावर सूर्य उगवून मागितला, उगवून दिला. एकाने तर चिन्हच नको म्हटलं आणि हिरव्या रंगात जोडलेले हात आणि दिवा लावून घेतला. दीदी एकेक साइट उघडून बघायच्या आणि मग दुकानात यायच्या. एकदा त्या मला म्हणाल्या, "भैया, या शाखेने मचियाची खुर्ची काहून केली?" मी पाहिलं. खरंच, कोणीतरी मचियाला पाठ जोडली होती. मी म्हटलं, त्यात काय बिघडलं, बसायचीच वस्तू आहे. त्या हसल्या नाहीत.

"मचियाला पाठ नसते. पाठ टेकली की माणूस झोपतो. आपण झोपायला बसून राहिलो का तिथं?"

मी मात्र हसलो. इतकंच नाही, संध्याकाळी घरी जेवताना बायकोलाही हा किस्सा हसत हसत सांगितला. म्हातारपणी माणसाला काहीतरी खूळ लागतंच, असं काहीसं बोललो. ते वाक्य मला आज परत घेता येत नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एक म्हातारा डिंडोरीच्याही पुढच्या एका गावातून आला. बायकोच्या पोटाचं ऑपरेशन होतं. पुतण्याने गावातच त्याला मोबाइलवर जवळच्या शाखेची वेबसाइट दाखवली, तिच्यावरचं चित्र एका दुकानात छापून दिलं आणि बजावलं, की हे निशाण छातीवर असलेली माणसं शोध, ती सगळं बघतील. म्हातारी बायकांच्या वॉर्डात. पुरुषांना तिथे थांबू देत नाहीत. म्हातारीला तिच्या बोलीशिवाय दुसरं काही येत नव्हतं. म्हातारा वऱ्हांड्यात बसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या छातीकडे बघत राहिला. आमची माणसं त्याच्यासमोरून कितीदा तरी गेली असतील. त्यांच्या छातीवर निळी मचिया होती. त्याच्या कागदावर हिरवे हात आणि दिवा होता. तीन दिवस तो बसून होता. कोणाला विचारलं नाही. विचारलं तर हाकलून देतील अशी त्याला भीती वाटत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी गेली. ऑपरेशननंतर ती सुधारलीच नव्हती. आम्ही जवळ असतो तरी वाचली नसती, डॉक्टर तसं स्पष्ट म्हणाले. पण ती एकटी गेली. शेजारच्या खाटेवरच्या बाईने सांगितलं, की ती पहाटेपासून कोणाला तरी हाक मारत होती, कोणाला ते समजत नव्हतं.

दीदी वॉर्डात पोचल्या तेव्हा म्हातारा बाहेर उभा होता. त्यांनी त्याला बसवलं, पाणी दिलं, पुढचे कागद करून दिले. सगळं आटोपल्यावर त्याने खिशातून ती घडी काढली आणि त्यांना दाखवली. "ये वाले नहीं मिले, बाई," तो म्हणाला. "बहुत देखा." हे तो आमच्याच बिल्ल्याकडे बघत सांगत होता.

त्या दुपारी दीदी दुकानात आल्या आणि तो कागद माझ्या काउंटरवर ठेवला. काय झालं ते चार वाक्यांत सांगितलं. आवाज चढवला नाही. मग विचारलं, "हे तुम्ही बनवलं ना, भैया?" मी हो म्हटलं. हिरवा रंग कोणता घ्यावा यावर मी त्या सेक्रेटरींशी अर्धा तास बोललो होतो, तेसुद्धा मला आठवलं... दीदींनी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. मग म्हणाल्या, "चलो. आता दोघं मिळून दुरुस्त करू." दोष द्यायचा म्हटला तर त्यांना पूर्ण हक्क होता. त्यांनी मला कामाला लावलं.

पुढची दोन वर्षं आम्ही बसने फिरलो. शाखा दूरदूर, रस्ते वाईट, आणि दीदींचे गुडघे दुखायचे. पिशवीत एकच कागद असायचा, त्यांनी स्वतः आखलेला. चिन्ह ताणायचं नाही, तिरपं करायचं नाही, त्यावर काही लिहायचं नाही, आत काही जोडायचं नाही, रंग हाच, आणि भोवती मचियाच्या एका पायाएवढी जागा रिकामी. वेबसाइटवर ते वरती डाव्या बाजूला, सगळीकडे त्याच जागी. शाखेत गेलं की चहा यायचा, नमस्कार-चमत्कार व्हायचे, आणि कागद निघाला की चेहरे बदलायचे. आम्ही फुकट काम करतो आणि वरून जबलपूरची दादागिरी, असं एक जण तोंडावर म्हणाला. दीदींनी त्याला म्हाताऱ्याची घडी दाखवली. त्या ती प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून बरोबर ठेवायच्या. त्याच आठवड्यात त्या माणसाने आपल्या साइटवरचं चिन्ह बदललं. सगळेच काही असे नव्हते. एका शाखेत आम्ही चौथ्यांदा गेलो तेव्हा कुलूप होतं. आम्ही येणार हे त्यांना माहीत होतं. दीदी पायरीवर बसल्या आणि डबा उघडला. आम्ही पोळी-भाजी खाल्ली. डबा संपेपर्यंत किल्ली आली.

हे सगळं होत असताना कुजबूज मात्र वेगळ्याच गोष्टीची चालली होती. हळूहळू ती माझ्याही कानावर आली. रंग निळाच काहून? गजभियेबाईंनी आपला रंग सगळ्यांच्या छातीवर लावला, असं एकजण दुसऱ्याला सांगत होता. आणि त्याच सुमारास एका मोठ्या घराण्याने संस्थेला चाकाच्या खुर्च्या देऊ केल्या. एकच इच्छा होती, निरोप्याकडून आलेली: वेबसाइटींवर आणि खुर्च्यांवर चिन्ह जरूर लावा, पण निळा सोडून कोणत्याही रंगात.

मी दीदींकडे गेलो. घमापुरात त्यांचं घर वरच्या मजल्यावर. मी माझ्या मते शहाणपणाचं बोललो. म्हटलं, काळं करू या, काळ्याला कोणी हरकत घेणार नाही, आकार तोच राहील, खुर्च्याही येतील. त्यांनी गच्चीची किल्ली घेतली. गच्चीच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर, थेट उन्हात, ओळीने रंगाचे पट्टे ओढलेले होते. लाल, पिवळा, हिरवा, भगवा, काळा, निळा. पहिला बिल्ला करायच्या वर्षी त्यांनी ते ओढले होते. लाल आता गुलाबीसुद्धा राहिला नव्हता. पिवळ्याची जागा शोधावी लागत होती. हिरवा मातकट झाला होता, काळा राखाडी पडून त्याला पोपडे आले होते. निळा होता. थोडा मळला होता, पण होता. त्या म्हणाल्या, आपले फलक इस्पितळाच्या फाटकावर, बस अड्ड्यावर, उन्हात लागतात, म्हणून तेव्हा हे करून पाहिलं होतं. मी म्हटलं, हे सभेत सांगा, सगळं मिटेल. त्या जिना उतरताना म्हणाल्या, "उन्हाचं मी सांगीन, भैया. पण मिटवायसाठी नाही."

सभा एका धर्मशाळेच्या हॉलमध्ये झाली. अकराही शाखांचे लोक आले होते. ठरावाची वही माझ्यासमोर, कारण इतिवृत्त लिहायचं काम माझं. अध्यक्षांनी खुर्च्यांचा विषय मांडला, दात्यांची इच्छा सांगितली, आणि म्हणाले, की रंगात काय ठेवलंय, रुग्णांची सोय महत्त्वाची. पुष्कळ माना हलल्या. दीदींनी आधी उन्हाचं सांगितलं. गच्चीवरच्या पट्ट्यांचे फोटो फिरवले. माना पुन्हा हलल्या, या वेळी दुसऱ्या दिशेने, आणि मला वाटलं, झालं. इथे त्या बसल्या असत्या तर सगळं गोडीगुलाबीने संपलं असतं. त्या बसल्या नाहीत.

"उन्हाचं खरं आहे," त्या म्हणाल्या. "आता दुसरं पण खरं सांगते. हा रंग माझा आहे. माझ्या घरात आहे, माझ्या बापाच्या खांद्यावर होता. मी काही चोरून लावला नाही. तो तुम्हाला यासाठी नको असेल तर बदला. पण वहीत कारण लिहा. शकुंतला गजभियेचा रंग आहे म्हणून नको, असं लिहा आणि खाली सह्या करा. पहिली सही मी करते."

त्यांनी पर्समधून पेन काढलं आणि माझ्याकडे पाहिलं. हॉलमधल्या सगळ्यांनीच माझ्याकडे पाहिलं, कारण वही माझ्याकडे होती. पंखा फिरत होता. अध्यक्ष टेबलावरच्या ग्लासकडे बघत होते. ज्यांनी कुजबूज केली होती ते सगळे त्या हॉलमध्ये होते, त्यांच्यातल्या एकालाही ते कारण स्वतःच्या सहीवर लिहून हवं नव्हतं. मी किती वेळ थांबलो कोण जाणे. मग मी लिहिलं: चिन्ह आणि रंग आहेत तेच राहतील, सर्व वेबसाइटींवर एकसारखे. लिहिलेलं मोठ्याने वाचलं आणि विचारलं, कोणाची हरकत? एक शाखा उठून बाहेर गेली आणि त्यानंतर संस्थेतूनही गेली. बाकी दहांनी सह्या केल्या. आयुष्यात मी पुष्कळ मजकूर लिहिला आणि छापला आहे. त्यातली ही एक ओळ मला पाठ आहे.

खुर्च्या आल्या नाहीत. हे लपवण्यात अर्थ नाही. वर्षभर आम्ही माणसं उचलून, पाठीवर घेऊन, मोडक्या स्ट्रेचरवरून नेली, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी दीदींना ऐकू जाईल असं बोलायचं. दीदींचं त्यावरचं उत्तर म्हणजे त्या स्ट्रेचरचं दुसरं टोक धरायच्या, दुखऱ्या गुडघ्यांनी. त्यांना वाईट वाटत होतं का? वाटत होतं. एकदा जिन्यावर स्ट्रेचर टेकवून दम खाताना म्हणाल्या, की खुर्चीवर बसवून नेता आलं असतं तर या माणसाला इतके हिसके बसले नसते. मग कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, चला, उचला. चुकलं असं मात्र त्या कधी म्हणाल्या नाहीत. पुढच्या वर्षी दुसरीकडून काही खुर्च्या मिळाल्या, आणि त्यांच्या पाठीवर निळी मचिया लागली.

त्यानंतर काय झालं, याचा हिशेब मांडता येत नाही. जो हरवला नाही तो आपल्याला दिसत नाही. बिलासपूरकडून आलेली एक बाई मला आठवते. कडेवर मूल, डोक्यावर बोचकं. ती वऱ्हांड्यात शिरली, इकडेतिकडे पाहिलं, सरळ दीदींसमोर येऊन उभी राहिली आणि बिल्ल्यावर बोट ठेवलं. दीदींनी बोचकं घेतलं. त्या दोघी वॉर्डाकडे चालू लागल्या, आणि मी पाठमोरा झालो, कारण मला कोणी बघू नये असं वाटत होतं.

शेवटचे दोन महिने दीदी स्वतः त्याच इस्पितळात होत्या. मूत्रपिंडं थकली होती. त्यांच्याजवळ बसायला आम्ही पाळ्या लावल्या आणि पाळीसाठी भांडणं झाली, इतके लोक येत होते. दहा शाखांतून येत होते. चौथ्या खेपेला किल्ली देणारे ते गृहस्थही बसून गेले. माझ्या पाळीला त्या फार बोलत नसत. एकदा मात्र त्यांनी डोळे उघडून माझ्या छातीकडे पाहिलं आणि बोटाने खूण केली. बिल्ला तिरपा लागला होता. मी सरळ केला. त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. आमचं शेवटचं बोलणं ते, म्हटलं तर.

तेराव्याचा प्रश्न त्यांच्याकडे नव्हता. विहारात वंदना झाली, आणि आठवड्याने संस्थेची शोकसभा. भाषणं चांगली झाली. मग एक सदस्य उठले, भला माणूस, डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. त्यांनी सुचवलं, की दीदींच्या सन्मानार्थ निदान वर्षभर सगळ्या वेबसाइटींवर चिन्हाच्या गोलात, मचियाच्या वर, दीदींचा फोटो लावावा. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी मान डोलावली. मी उठलो. मला सभेत बोलता येत नाही. इतकी वर्षं मी वहीच्या मागे लपलो होतो. मी म्हटलं, माझी हरकत आहे.

कोणीतरी म्हणालं, "अरुणजी, ये तो सम्मान की बात है।"

मी म्हटलं, "डिंडोरीहून येणारा माणूस दीदींना ओळखत नाही. तो मचिया शोधत येतो. तिच्यावर कोणाचाही चेहरा लावला, तर तो पुन्हा वऱ्हांड्यात बसून राहील. ज्याला लावायचाय त्याने आधी मला संस्थेतून काढावं."

एवढं कठोर बोलायला नको होतं, असं नंतर दोघांनी सांगितलं. असेल. ठराव मागे घेतला गेला. बाहेर पडताना प्रज्ञा माझ्याशेजारून चालत होती. ती एका शाळेत शिकवते; मराठी तिला सगळी समजते, बोलते हिंदीत. ती म्हणाली, घरी चला, मौसीच्या खोलीत तुम्हाला काही दाखवायचं आहे.

खोली लहान आहे. एका भिंतीला टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, आणि टेबलापासून दारापर्यंत सगळी जमीन मोकळी. पलंग, कपाट, पुस्तकं, सगळं दुसऱ्या बाजूला दाटीवाटीने कोंबलेलं. मी इतक्यांदा त्या घरी गेलो, पण या खोलीत कधी आलो नव्हतो. प्रज्ञाने सांगितलं, की दर सोमवारी सकाळी मौसी सगळ्या साइटी एकेक करून उघडायची. उघडली की उठायची, मागे मागे जात दारात जाऊन उभी राहायची, आणि तिथून चष्मा काढून बघायची. "कहती थीं, जो ढूँढने आता है उसके पास चश्मा कहाँ होता है।" मधे काही ठेवू द्यायची नाही, पायाला लागतं म्हणून. प्रज्ञाने अजून तिथे काही ठेवलेलं नाही.

त्या दिवशी सोमवार नव्हता. तरी तिने कॉम्प्युटर लावला आणि पहिली साइट उघडली. मी दारात गेलो आणि चष्मा काढला. अक्षरं गेली, फोटो गेले, बातम्या, नावं, पदाधिकाऱ्यांचे चेहरे, सगळ्याचा एक पांढरट धूर झाला. वरती डाव्या बाजूला खाटेची रेघ पुसट होती, आणि तिच्या उशाशी एक बुटका निळा ठिपका, जागचा न हललेला.

"दिखता है?" प्रज्ञाने विचारलं.

"दिसते," मी म्हटलं. "पुढची लाव."